काळा समुद्र, पांढरा रंग आणि टायटॅनियम

(हीरक महोत्सवानिमित्त सरस्वतीपुरम, म्हैसूर येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



महोत्सवासाठी या सभागृहाच्या भिंतींना नुकताच पांढरा रंग दिला गेला आहे. साठ वर्षांपूर्वी शाळांच्या भिंतींना चुना लावीत असत. हात टेकला की तळवा पांढरा होई आणि पावसाळ्यात भिंतीवर पोपडे येत. आजचा रंग तसा नाही. त्यातील शुभ्रपणा चुन्याचा नसून टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या भुकटीचा आहे. हीच भुकटी टूथपेस्टमध्ये, वहीच्या गुळगुळीत कागदात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत आणि औषधी गोळ्यांच्या वेष्टनात असते. जगात टायटॅनियमची जितकी खनिजे खणून काढली जातात, त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक या पांढऱ्या भुकटीसाठीच खर्च होतात. मतदानाच्या शाईमुळे ज्या शहरातील रंगाच्या कारखान्याचे नाव देशभर झाले, त्या म्हैसूरच्या रहिवाशांना रंगांचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही. तरीही भिंतीवरील हा पांढरा रंग आणि विमानाच्या इंजिनातील पाते ही एकाच मूलद्रव्याची दोन रूपे आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. याच मूलद्रव्याची ओळख आज करून घ्यायची आहे.

प्रसंग हीरक महोत्सवाचा असल्याने एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे. प्रकाशकिरण वाकविण्याच्या बाबतीत टायटॅनियमचे हे ऑक्साइड हिऱ्यावरही मात करते. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, तर रूटाइल या रूपातील टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे २.७. रंगाचा एक पातळ थर जुनी भिंत पूर्ण झाकतो, तो यामुळेच. गेल्या शतकाच्या चाळिशीच्या अखेरीस कृत्रिम रूटाइलचे खडे हिऱ्याला पर्याय म्हणून विकले जात होते. ते हिऱ्यापेक्षा अधिक झगमगत. पण किंचित पिवळसर आणि मऊ असल्याने लवकर ओरखडत. हिऱ्याची गादी काही त्यांना मिळाली नाही.

या शुभ्र भुकटीचे मूळ मात्र काळेकुट्ट आहे. ज्यांचे आजोळ किंवा सासर रत्नागिरीकडचे आहे, त्यांना तेथील दोन नावे ठाऊक असतील. रत्नदुर्गाच्या एका अंगाला ‘पांढरा समुद्र’ आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा ‘काळा समुद्र’. पाणी दोन्हीकडे सारखेच. फरक वाळूचा आहे. मांडवीच्या काळ्या वाळूत जड, चमकदार काळे कण असतात. त्यांत इल्मेनाइट हे लोह, टायटॅनियम आणि प्राणवायू यांचे खनिज आहे. रत्नागिरी, मिऱ्या आणि काळबादेवी येथील उपसागरांच्या तळाशीही ते आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात तेथे पाहणी केली आणि १९७९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तरेला नेवरे-मालगुंडच्या किनाऱ्यावरही हे खनिज सापडते. मालगुंड म्हणजे केशवसुतांचे जन्मगाव. मराठी कवितेच्या वाचकाला ज्या गावाची ओढ असते, त्याच गावाचे नाव भूवैज्ञानिकाच्या टिपणवहीतही असावे, हा योगायोग सुखद आहे.

हे कण आले कोठून? सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे आणि त्यात टायटॅनियम अल्प प्रमाणात सर्वत्र विखुरलेले आहे. ऊनपावसाने हा खडक कुजतो, त्याचा जांभा होतो, बरेच काही विरघळून वाहून जाते. इल्मेनाइट विरघळत नाही. नद्या ते खाडीपर्यंत आणतात आणि पुढचे काम लाटा करतात. घरातील वडीलधारी बाई सुपात धान्य पाखडते, तेव्हा हलका कोंडा पुढे उडतो आणि वजनदार दाणा सुपातच राहतो. समुद्रही असाच पाखडतो. साधी वाळू पाण्याच्या सुमारे अडीचपट जड, इल्मेनाइट साडेचारपटींहून अधिक. परतणारी लाट हलकी वाळू ओढून नेते आणि काळे कण किनाऱ्यावर थरांनी साचतात. लाखो वर्षांची ही पाखडणी पदरात पडलेली असल्याने माणसाला डोंगर फोडावा लागत नाही.

टायटॅनियमचा शोधही अशाच काळ्या वाळूत लागला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाचे एक पाद्री होते. त्यांना रसायनशास्त्राचा छंद होता. १७९१ साली मॅनॅकन खोऱ्यातील ओढ्याच्या वाळूत लोहाबरोबर एक अनोळखी धातू असल्याचे त्यांनी ओळखले. चार वर्षांनी, १७९५ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यांना रूटाइलमध्ये तेच मूलद्रव्य आढळले. त्याचे गुणधर्म अद्याप कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी गुणावरून नाव न ठेवता ग्रीक पुराणातील टायटन या भूमिपुत्रांवरून ‘टायटॅनियम’ हे नाव दिले. (घराघरांतील टायटन घड्याळाचा या धातूशी काही संबंध नाही. ते नाव टाटा इंडस्ट्रीज आणि तामिळनाडू यांच्या आद्याक्षरांतून जुळविलेले आहे.) पुराणातील ते टायटन पृथ्वीच्या उदरात कोंडले गेले होते. हा धातूही नाव मिळाल्यावर शतकाहून अधिक काळ कोंडलेलाच राहिला, कारण त्याला त्याच्या खनिजातून सोडविणे कोणालाच साधत नव्हते.

टायटॅनियम दुर्मीळ नाही. भूकवचातील मूलद्रव्यांत त्याचा क्रमांक नववा लागतो. तांबे, जस्त आणि शिसे यांच्यापेक्षा ते कितीतरी अधिक आहे. तरीही ते महाग आहे, आणि त्याचे कारण त्याची प्राणवायूशी असलेली घट्ट मिठी हे आहे. लोहाचेही प्राणवायूशी सख्य असते, परंतु भट्टीत कोळसा घातला की तो लोहाकडील प्राणवायू काढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. गावोगावच्या लोकांनी हजारो वर्षे हेच केले. टायटॅनियमच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. कोळशाने प्राणवायू काढावा, तर धातू त्या कोळशालाच धरून बसतो आणि कार्बाइड नावाचा कठीण, ठिसूळ पदार्थ तयार होतो. हवेत तापवावे, तर तो प्राणवायूबरोबर नत्रवायूही शोषून घेतो. थोडा प्राणवायू अंगात मुरला तरी तो काचेसारखा ठिसूळ होऊन निरुपयोगी ठरतो.

१९१० साली अमेरिकेत मॅथ्यू हंटर यांनी सोडियमच्या साहाय्याने प्रथमच शुद्ध टायटॅनियम मिळविले, पण फार थोडे. व्यवहारात चालणारी वाट सापडली ती लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोल यांना. दुसऱ्या महायुद्धाच्या झळा लागल्यावर १९४० मध्ये ते अमेरिकेला गेले. १९४८ पासून तेथे या पद्धतीने व्यापारी उत्पादन सुरू झाले. आपली ही किचकट पद्धत फार दिवस टिकणार नाही आणि विजेच्या साहाय्याने धातू वेगळा करण्याची पद्धत तिची जागा घेईल, असे खुद्द क्रोल यांना वाटे. पाऊण शतक उलटले, तरी जगाचे काम बहुतांशी त्यांच्याच पद्धतीवर चालते.

ही पद्धत थोडी सविस्तर पाहण्याजोगी आहे. किनाऱ्यावरील वाळूतून चुंबकाच्या आणि विजेच्या साहाय्याने इल्मेनाइट निवडतात. त्यातील लोह काढून टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण वाढवितात. मग ते कोकबरोबर सुमारे हजार अंश तापमानाला क्लोरीन वायूत तापवितात. येथे कोळसा आणि क्लोरीन मिळून जे करतात, ते एकट्या कोळशाला साधत नाही. प्राणवायू कार्बनबरोबर निघून जातो आणि टायटॅनियम क्लोरीनशी जोडले जाते. तयार होणारे टायटॅनियम टेट्राक्लोराइड हे पाण्यासारखे रंगहीन द्रव आहे. दमट हवा लागताच त्यातून दाट पांढरा धूर निघतो. युद्धात धुराचे पडदे उभारण्यासाठी ते वापरले गेले, ते याच गुणामुळे. हे द्रव १३६ अंशांना उकळते, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने, म्हणजे गुलाबपाणी काढतात त्याच तत्त्वाने, ते अत्यंत शुद्ध करता येते. धातूची सारी अशुद्धता याच पायरीवर मागे राहते.

यानंतर पोलादाचे मोठे बंद पात्र घेतात. त्यातील हवा काढून आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरतात. पात्रात वितळलेले मॅग्नेशियम असते. त्यावर हे द्रव सावकाश सोडतात. मॅग्नेशियम क्लोरीनला ओढून घेते आणि टायटॅनियम मोकळे होते. परंतु पात्रातील तापमान आठशे ते नऊशे अंश, आणि टायटॅनियमचा वितळणबिंदू १६६८ अंश. त्यामुळे मोकळा झालेला धातू रस होऊन वाहत नाही. तो पात्राच्या कडांना करड्या, सच्छिद्र ढेकळांच्या रूपाने साचतो. त्याला ‘स्पंज’ म्हणतात. उरलेले मॅग्नेशियम आणि त्याचे क्लोराइड निर्वातात तापवून उडवून लावायचे, पात्र थंड होण्याची वाट पाहायची, मग ढेकूळ बाहेर काढून फोडायचे. एका घाणीला दिवसच्या दिवस जातात. पोलादाच्या कारखान्यातून रस अखंड वाहत असतो. येथे प्रत्येक खेपेला भांडे उघडायचे आणि पुन्हा लावायचे. टायटॅनियमची किंमत वाढते ती या प्रतीक्षेमुळे आणि लागणाऱ्या विजेमुळे, वाळूमुळे नव्हे.

स्पंज मिळाला तरी वितळवावा कशात? तापलेले टायटॅनियम कोणत्याही मातीच्या मुशीतील प्राणवायू खेचून घेते आणि मूसच खाऊन टाकते. म्हणून तांब्याची मूस घेऊन ती बाहेरून पाण्याने सतत थंड ठेवतात. स्पंज दाबून त्याचा मोठा दांडा करतात, निर्वातात त्या दांड्याच्या टोकाशी विजेचा झोत पेटवितात आणि दांडा थेंबथेंब वितळून खालच्या मुशीत गोठत जातो. धातू सर्वत्र एकजीव व्हावा म्हणून हे दोनदा, काही वेळा तीनदा करतात. त्यातून निघालेला ठोकळा पुढे घणाखाली घडवितात, लाटतात, त्याचे पत्रे आणि सळ्या करतात.

यंत्रशाळेत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना पुढची अडचण सांगायला नको. लेथवर टायटॅनियम कापताना निर्माण होणारी उष्णता धातूतून पसरत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. सारी उष्णता हत्याराच्या टोकाशी साचते आणि टोक झिजते. म्हणून वेग कमी ठेवायचा आणि थंड करणारे द्रव भरपूर सोडायचे. बारीक कीस पेट घेऊ शकतो, आणि पेटलेल्या किसावर पाणी मारणे धोक्याचे असते. तेथे कोरडी वाळू किंवा त्यासाठीची खास भुकटीच हवी. विमानाचा एखादा भाग ठोकळ्यातून कोरताना धातूचा मोठा हिस्सा किसात जातो. अलीकडे धातूची भुकटी किरणांनी थरावर थर वितळवून भाग ‘छापण्याची’ रीत रुजते आहे, ती हा अपव्यय टाळण्यासाठी.

एवढा खटाटोप कशासाठी? पोलादाची घनता ७.८५, अ‍ॅल्युमिनियमची २.७ आणि टायटॅनियमची ४.५१. पोलादाच्या जेमतेम साठ टक्के वजनात ते चांगल्या पोलादाशी बरोबरी करते आणि अ‍ॅल्युमिनियम जेथे उष्णतेने मऊ पडते, तेथे ताठ उभे राहते. मात्र हे श्रेय शुद्ध धातूपेक्षा त्याच्या संमिश्रांचे अधिक आहे. टायटॅनियमचे अणू साध्या तापमानाला षट्कोनी रचनेत बसलेले असतात. ८८२ अंशांच्या वर ते घनाकार रचनेत बसतात. पहिल्या रचनेला अल्फा आणि दुसरीला बीटा म्हणतात. अ‍ॅल्युमिनियम मिसळले की अल्फा रचना बळकट होते. व्हॅनेडियम मिसळले की बीटा रचना साध्या तापमानालाही टिकून राहते. सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेल्या संमिश्रात दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदतात, आणि कोठवर तापविले व किती वेगाने थंड केले यावर त्यांचे प्रमाण ठरविता येते. १९५०च्या दशकात अमेरिकेत सिद्ध झालेले हे एकच संमिश्र आज टायटॅनियमच्या सुमारे निम्म्या वापराचा भार उचलते. या क्षेत्रात भारताचीही एक भर आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेत दीपंकर बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम व नायोबियम यांच्या मिश्रणात एक नवीच स्फटिकरचना आढळली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधावर उच्च तापमानाला टिकणाऱ्या संमिश्रांची एक शाखाच उभी राहिली. बॅनर्जी पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

विमानांच्या इतिहासात टायटॅनियमची सर्वांत रंजक कथा अमेरिकेच्या ‘ब्लॅकबर्ड’ या टेहळणी विमानाची आहे. १९६४ च्या डिसेंबरात त्याचे पहिले उड्डाण झाले. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने जाताना हवेच्या घर्षणाने त्याचे अंग इतके तापे की अ‍ॅल्युमिनियम टिकलेच नसते. म्हणून जवळजवळ सारा सांगाडा टायटॅनियमचा केला गेला. अमेरिकेकडे पुरेसा धातू नव्हता. तो होता सोव्हिएत संघाकडे, आणि ज्यांच्यावर पाळत ठेवायची त्यांच्याकडूनच तो आडवाटेने, मध्यस्थांमार्फत मिळविला गेला. कारखान्यात आणखी एक कोडे पडले. काही भागांचे जोड उन्हाळ्यात केले की तडकत आणि हिवाळ्यात केले की टिकत. शोध घेता कळले की उन्हाळ्यात शेवाळ मारण्यासाठी नगरपालिका नळाच्या पाण्यात जादा क्लोरीन घाली आणि त्याच पाण्याने हे भाग धुतले जात. पुढे शुद्ध पाण्याने धुण्याची पद्धत सुरू झाली. कॅडमियमचा मुलामा असलेले पाने वापरल्यानेही खिळे कमकुवत होत. तेही यंत्रशाळेतून हद्दपार झाले. इतका दणकट धातू, आणि त्याचे पथ्य मात्र नाजूक प्रकृतीच्या माणसासारखे!

आता त्या मिठीची दुसरी बाजू पाहायची. जी मिठी सोडविताना माणसाच्या नाकी नऊ येतात, तीच धातू हाती आल्यावर त्याचे रक्षण करते. टायटॅनियमचा ताजा कापलेला पृष्ठभाग हवेला लागताच प्राणवायूशी जोडला जातो आणि काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. केसाच्या जाडीच्या तुलनेत हा पापुद्रा हजारो पटींनी पातळ असतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. हा पापुद्रा सुटत नाही, आणि ओरखडा पडलाच तर क्षणात भरून निघतो. म्हणून समुद्राचे खारे पाणी टायटॅनियमला वर्षानुवर्षे गंजवू शकत नाही. समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या वीजकेंद्रांतील नळ्या त्यासाठीच टायटॅनियमच्या करतात. कुडनकुलमचे केंद्र हे त्याचे उदाहरण. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीत तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा टायटॅनियम संमिश्राचा गोल योजिला आहे. त्या खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सहाशे पट असतो.

मानवी रक्त आणि शरीरद्रवही खारेच असतात. १९५२ साली स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेली टायटॅनियमची लहान नळी प्रयोग संपल्यावर काढता येईना. हाड तिला घट्ट चिकटून वाढले होते. एखाद्याने त्रासून ती तोडून टाकली असती. ब्रोनेमार्क यांनी त्यातून हाड आणि धातू यांच्या सांधणीचे शास्त्र उभे केले. १९६५ मध्ये यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमची मुळे बसविली. चाळीस वर्षांनंतर, लार्सन यांच्या निधनापर्यंत, ती शाबूत होती. शरीराला धातूपेक्षा त्यावरील ऑक्साइडच्या पापुद्र्याचाच स्पर्श होत असतो, आणि तो पापुद्रा शरीराला परका वाटत नाही.

कुक्करहळ्ळी तलावाभोवती रोज सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत गुडघा किंवा खुबा बदललेले कितीतरी जण दिसतात. घरातील आजी-आजोबांच्या बाबतीत हा निर्णय घेण्याची वेळ आली की ‘टायटॅनियमचा घालू या, उत्तम असतो’ असे सहज बोलले जाते. हे विधान थोडे तपासून घेतले पाहिजे. हाडाशी सांधणी आणि हाडाजवळ जाणारी लवचीकता यांत टायटॅनियम पोलादापेक्षा सरस आहे. पोलादाची सळई फार ताठ असल्याने सारा भार स्वतःवर घेते आणि बाजूचे हाड भार न पडल्याने विरळ होत जाते. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याच्या आसपास असल्याने हा धोका कमी होतो. पण घर्षण सोसण्याच्या बाबतीत टायटॅनियम कच्चे आहे. म्हणून कृत्रिम गुडघ्यात सरकणारा वरचा भाग सामान्यतः कोबाल्ट-क्रोमियमचा, मधली गादी प्लॅस्टिकची आणि पायाच्या हाडावर बसणारी तबकडी पुष्कळदा टायटॅनियमची असते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरविल्या. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या संचाला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियमसारख्या विशेष धातूच्या संचाला ७६,६०० रुपये, कर वेगळा, अशी मर्यादा होती. जादा पैसे मोजण्यापूर्वी रुग्णाला निकेलसारख्या धातूची ॲलर्जी आहे का आणि कोणता भाग कशाचा आहे, हे शल्यविशारदाला स्पष्ट विचारावे. महाग तेच चांगले, असा सरळ हिशेब येथे लागत नाही.

मुलांच्या दातांना लावायच्या तारेत निकेल आणि टायटॅनियम यांचे निटिनॉल नावाचे संमिश्र असते. ते वाकविले तरी मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते आणि त्यामुळे दातावर हलका, सतत ताण राहतो. भिंतीच्या रंगातील पांढऱ्या भुकटीविषयीही पालकांनी एक नोंद घ्यावी. खाद्यपदार्थांना शुभ्र रंग देण्यासाठी तिचा वापर करण्यास युरोपीय संघाने २०२२ पासून बंदी केली. भिंतीवर किंवा शरीरातील सांध्यावर ती निरुपद्रवी आहे म्हणून पोटातही तशीच असेल, असे गृहीत धरणे त्यांना मान्य झाले नाही. अन्नतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था ज्या शहरात आहे, तेथील पालकांनी पाकिटावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय मुलांना लावली तर ती अस्थानी ठरणार नाही.

भारतात या वाळूची कथा सुरू झाली ती काथ्यामुळे. १९०९ च्या सुमारास शोमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळले आणि तिचा माग काढीत तो दक्षिण किनाऱ्यावर पोहोचला. तेव्हा इल्मेनाइटला कोणी विचारीत नव्हते. पांढऱ्या रंगाला मागणी आल्यावर १९२२ पासून त्याची निर्यात होऊ लागली. तिरुअनंतपुरमला टायटॅनियम डायऑक्साइडचा कारखाना १९४६ साली स्थापन झाला, इंडियन रेअर अर्थ्स १९५० मध्ये. धातूच्या दिशेने मात्र पाऊल फार उशिरा पडले. हैदराबादच्या प्रयोगशाळेने क्रोल पद्धत देशात सिद्ध केली, विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने पैसा पुरविला आणि २०११ मध्ये केरळातील चवरा येथे वर्षाला पाचशे टन स्पंज देऊ शकणारा कारखाना सुरू झाला. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यातील इंधनाच्या टाक्या टायटॅनियमच्या असतात. त्यांना लागणारा धातू देशाबाहेरून आणावा लागू नये, ही त्यामागची निकड होती. पाचशे टन ही संख्या केवढी, हे कळण्यासाठी जगाचे उत्पादन लक्षात घ्यावे. ते वर्षाला तीन लाख टनांच्या आसपास आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक एकट्या चीनचे. इल्मेनाइटचे मोठे साठे ज्या देशाच्या किनाऱ्यावर आहेत, त्याची धातूतील वाटणी इतकी लहान आहे.

म्हणूनच कोकणच्या काळ्या वाळूचा प्रश्न निघाला की त्याचा सावधपणे विचार व्हावा. ‘आपल्या किनाऱ्यावर कोट्यवधींची संपत्ती पडून आहे’ हे वाक्य ऐकायला चांगले वाटते. परंतु देशात उणीव आहे ती इल्मेनाइटची नव्हे, तर इल्मेनाइटपासून धातूपर्यंत नेणाऱ्या कारखान्यांची, स्वस्त विजेची आणि त्या कामात मुरलेल्या हातांची. मालगुंडची वाळू उपसून बोटीत भरली, तर तिचा धातू दुसरीकडेच होईल. किनारा मात्र येथला जाईल. केरळात कोल्लम जिल्ह्यातील आलप्पाड गावाने खाणकामाने जमीन समुद्रात जात असल्याचे सांगत २०१८-१९ मध्ये मोठे आंदोलन केले. रत्नागिरीच्या मिऱ्या गावाला आजही लाटांपासून वाचण्यासाठी दगडी बंधाऱ्याचा आधार घ्यावा लागतो. उत्तरेकडे वेळास येथे २००२ पासून गावकरी आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था समुद्री कासवांची घरटी जपत आहेत. ज्या वाळूत कासवीण अंडी घालते, ती वाळू केवळ खनिजाचे कोठार नसते. उद्या धातूचा कारखाना कोकणाच्या जवळपास उभा राहिला, उपसलेली जागा पुन्हा भरून देण्याची हमी मिळाली आणि ग्रामसभांनी ती तपासून पाहिली, तर हिशेब वेगळा होऊ शकेल. तोवर घाई करण्यासारखे काही नाही. इल्मेनाइट कुजत नाही. ते जागेवरच राहील.

शेवटी विज्ञानाच्या शिक्षकांसाठी आणि सहलीला जाणाऱ्या मुलांसाठी एक छोटा प्रयोग. सुट्टीत रत्नागिरीला गेलात, तर मांडवीची ओंजळभर काळी वाळू आणावी, ओंजळभरच. घरी ती पसरट ताटात पाण्याने हलक्या हाताने फिरवून धुवावी, म्हणजे हलकी वाळू कडेने निघून जाईल. उरलेले काळे कण कागदावर वाळवावेत आणि कागदाखालून साधा लोहचुंबक फिरवावा. जे कण चटकन उभे राहून चुंबकामागे धावतील, ते मॅग्नेटाइटचे. ते बाजूला काढावेत. मग जुन्या हार्ड डिस्कमधून निघणारा जोरकस नियोडिमियम चुंबक घ्यावा आणि उरलेल्या कणांजवळ सावकाश न्यावा. काही कण आधी थोडे थबकतील आणि मग आळसावल्यासारखे चुंबकाकडे सरकतील. त्यांत इल्मेनाइट असते. चिमटीत ते इवलेसे वाटतात, पण तळव्यावर घेतल्यावर त्यांचे वजन कळते.